इनायतखानाचे अखेरचे चित्र

मोगल दरबारातील सरदाराचे चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती उभी राहते. सपाट पार्श्वभूमी, एका बाजूने दिसणारा चेहरा, अंगात तलम जामा, कमरेस पटका, त्यात खोवलेली कट्यार, आणि बादशहासमोर उभे राहण्याची ती अदब! अकबराने आपल्या अमीर-उमरावांची अशी चित्रे काढवून त्यांचा मोठा संग्रह सिद्ध करविला होता, असे अबुल फजल सांगतो. या चित्रांत चेहरा त्या त्या माणसाचा असे खरा. परंतु वस्त्रे, रत्ने आणि शस्त्रे बोलत ती त्याच्या दर्जाविषयी.

आम्ही येथे ज्या चित्राचा परिचय करून देणार आहोत, त्यात हा थाट मुळीच नाही. इनायतखान हा जहांगीर बादशहाच्या निकट परिवारातील सरदार. अफू आणि मद्य यांच्या आहारी जाऊन त्याची प्रकृती ढासळली. हकीम रुक्ना याने उपचार केले, पण गुण आला नाही. १६१८ साली आग्र्यास जाण्याची परवानगी मागण्यासाठी त्याला पालखीत घालून बादशहापुढे आणण्यात आले. त्याची ती दशा पाहून जहांगीर थक्क झाला व त्याने चित्रकारांना त्याची छबी उतरविण्याची आज्ञा केली. वाटखर्चासाठी दोन हजार रुपये देऊन त्याने खानास निरोप दिला. दुसऱ्याच दिवशी खान मरण पावला. हा सर्व वृत्तांत खुद्द जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे.

त्या प्रसंगाची दोन चित्रे आज उपलब्ध आहेत: एक रेखाटन अमेरिकेत बोस्टन येथील कलासंग्रहालयात, आणि दुसरे रंगविलेले चित्र इंग्लंडात ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. मोठमोठ्या लोडांच्या आधाराने खान पलंगावर टेकून बसला आहे. लोड इतके भरगच्च की त्यांच्यामध्ये तो देह अधिकच क्षीण भासतो. जामा पुढून उघडा असून छातीची एकेक फासळी मोजून घ्यावी. गालफडे बसली आहेत, हातांच्या काड्या झाल्या आहेत. आमच्या मते रंगीत चित्राहून ते रेखाटनच अधिक हृदयाला भिडते. रंगांत मन गुंतायला जागा मिळते. रेषेत तसा आडोसा उरत नाही.

मरणोन्मुख सेवकाचे चित्र काढविणे हे क्रौर्य नव्हे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. जहांगीराची जिज्ञासा विलक्षण होती. १६२१ साली त्याच्याकडे आलेल्या झेब्र्याचे चित्र त्याने मन्सूर या चित्रकाराकडून करविले. ज्या नजरेने तो प्राणी न्याहाळला गेला, त्याच नजरेने खानही. तथापि केवळ कुतूहल म्हणून ही गोष्ट सोडून देणे आम्हांस पटत नाही. जहांगीर स्वतः तरुणपणी दिवसाकाठी कडक मद्याचे वीस पेले रिचवीत असे, हे त्यानेच नमूद केले आहे. मुराद आणि दानियाल हे त्याचे दोघे भाऊ मद्यपानानेच गेले. मुराद १५९९ साली दक्षिणेत, आणि दानियाल १६०५ साली बऱ्हाणपुरास. खानाकडे पाहताना बादशहाला आणखी काय दिसले असेल, हे त्याने लिहिलेले नाही.

विद्यार्थ्यांना एखाद्या पुस्तकात हे चित्र आढळल्यास त्यांनी चेहऱ्याआधी त्या सरदाराचे हात पाहावेत.