ग्रामीण काउंटीतील दिवाळखोरीचे दप्तर

अमेरिकेतील एखाद्या ग्रामीण काउंटीतील शेतकऱ्यांच्या दिवाळखोरीचे दप्तर काउंटीच्या न्यायालयात शोधणे व्यर्थ होय. १८९८ च्या संघीय कायद्यान्वये ही प्रकरणे संघीय जिल्हा न्यायालयात चालत. त्यांपैकी जतन झालेली बरीचशी आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अर्जासोबतच्या याद्यांत धनको, त्यांचे येणे, ऋणकोची मालमत्ता आणि जप्तीतून वगळलेल्या चीजवस्तू यांची नोंद आढळते. तथापि, या कायद्यान्वये शेतकऱ्यास त्याच्या इच्छेविरुद्ध दिवाळखोर ठरविण्याचा अर्ज धनकोंना करता येत नसे. म्हणून या दप्तरात नाव नसणे हे सुस्थितीचे गमक मानू नये. गहाण जमिनी गेल्याच्या नोंदी मात्र काउंटीच्याच कचेरीत सापडतात. दोन्ही दप्तरे ताडून पाहिल्यावाचून ग्रामीण कर्जबाजारीपणाविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.