डोली आणि पडदा

आरोग्यसेवेविषयी बोलताना हल्ली ‘डिजिटल’ हा शब्द वारंवार कानावर येतो. शब्द नवा असला की त्याच्याभोवती एक वलय निर्माण होते आणि त्याचा नेमका अर्थ विचारायचे राहून जाते. आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांपुरता तो अर्थ तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भातसा-तानसाचे पाणी मुंबईला पोहोचते; पण त्याच शहापूर तालुक्यातील काही पाड्यांपर्यंत पावसाळ्यात गाडी पोहोचत नाही. अडलेल्या बाईला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. परंतु उपकेंद्र म्हणजे दवाखाना नव्हे. तज्ज्ञ डॉक्टर तेथे नसतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘ई-संजीवनी’ ही सेवा उपकेंद्रांशी जोडण्यास आरंभ केला. तिची रीत साधी आहे. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब व साखर मोजतो, तक्रार समजून घेतो आणि पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतो. टाळेबंदीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, घरबसल्याही असा सल्ला मिळू लागला. मधुमेह, रक्तदाब, कातडीचे विकार अशा पुन्हापुन्हा दाखवाव्या लागणाऱ्या दुखण्यांत रुग्णाची एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे वाचते. हा लाभ लहान नाही. मात्र अडलेले बाळंतपण किंवा सर्पदंश पडद्यावर बरा होत नाही. तेथे रस्ता, गाडी आणि प्रतिविषाची कुपीच लागते.

दुसरा प्रश्न नोंदीचा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. गर्भवतीची तपासणी एका गावी, बाळंतपण दुसरीकडे, मुलाचे लसीकरण तिसरीकडे. आणि कार्ड मात्र पेटाऱ्यात राहिलेले! सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाचा खरा उपयोग अशा माणसांनाच आहे, कारण माणसाबरोबर त्याची नोंद हिंडू शकते. पण ही साखळी बहुधा मोबाइलवर येणाऱ्या सांकेतिक आकड्यावर अवलंबून असते. घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात, आणि दर हंगामाला नवे सिमकार्ड असेल तर नोंद असूनही हाती येत नाही. शिवाय आपल्या दुखण्याची माहिती कोणाला दिसणार, हे त्या बाईला तिच्या भाषेत कोणी सांगितले, हाही प्रश्न उरतोच.

तिसरा प्रश्न माणसांचा. ही माहिती गोळा करते ती आशा. तिला वेतन नाही; मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. पाड्यावर रेंज नसल्यास वहीत लिहायचे आणि रेंज मिळेल तेथे पुन्हा भरायचे, असे दुहेरी काम तिच्या वाट्याला येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातील आशांनी संप केला, तेव्हा ऑनलाइन कामाच्या सक्तीला विरोध ही त्यांची एक मागणी होती. मानधनवाढीचे आश्वासन पाळले जावे यासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये आशा याच शहापुरातून ठाण्याकडे पायी निघाल्या होत्या. यंत्रे पुरविताना ती हाताळणाऱ्या हातांचा विचार मागे पडला, असाच याचा अर्थ नव्हे काय?

जाणकार या साऱ्या व्यवस्थेला ‘परिसंस्था’ म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ मात्र आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. राबातले रोप कितीही जोमदार असले तरी चिखलणी झाली नाही, पाणी अडले नाही, लावणीला माणसे मिळाली नाहीत तर भात पिकत नाही. फोन आणि पडदा हे रोप आहे. रस्ता, वीज, औषधे, डॉक्टर आणि पोटभर मोबदला मिळणारी आशा हे त्याचे खाचर आहे. पाड्यावरची डोली ज्या दिवशी अडगळीत पडेल, त्या दिवशी ही नवी विद्या आपल्या तालुक्यांत रुजली असे खुशाल समजावे.