साठी, बुद्धी आणि वयाचं वेळापत्रक

‘वर्षाचं झालं, अजून चालून नाही राह्यलं.’ ‘पोरगी वयात आली, आता उजवून टाका.’ ‘साठी बुद्धी नाठी.’ यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडीच्या ओट्यापासून बँकेच्या रांगेपर्यंत ही वाक्यं ऐकू येतात. वयाचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि माणूस विशीत घडून संपतो, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वेगळी मांडणी केली. विकास जन्मापासून मरेपर्यंत चालतो, प्रत्येक वयात काही हाती येतं आणि काही सुटतं, असं त्यांचं म्हणणं. त्या कसोटीवर आपले रोजचे समज तपासून पाहू.

गैरसमज १ : वर्षभरात चाललं नाही, म्हणजे लेकरू मागे पडलं.

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष जाहीर केले. आधाराशिवाय चालण्याचा काळ सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. बसवून फिरवायच्या प्लास्टिकच्या वॉकरमुळे मूल लवकर चालत नाही, उलट पडून इजा होण्याची भीती असते. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. जुन्या लाकडी पांगुळगाड्यात बाळ निदान स्वतःच्या पायांवर उभं राहून तो ढकलत असतं, तरी मोठ्या माणसाची नजर हवीच. दीड वर्ष उलटूनही बाळ चालत नसेल, तर मात्र दाखवायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ते याच तपासणीसाठी.

गैरसमज २ : आई वेचणीला गेली की लेकराला माया लागत नाही.

वस्तुस्थिती : बाळाचं मन आईतच गुंततं, ही समजूत मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या सुरुवातीच्या लिखाणामुळे जगभर पसरली. पण ग्लासगो शहरातल्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला, त्यात दीड वर्षाच्या बहुतेक बाळांचा जीव एकाहून अधिक माणसांवर जडलेला दिसला. कुणाचा बापावर, कुणाचा आजीवर. रडल्यावर धावून येणारी माणसं थोडी असावीत आणि रोज तीच असावीत, एवढी बाळाची गरज. कापसाच्या हंगामात आजी ती भागवते. दहा वर्षांच्या बहिणीला शाळा बुडवून घरी ठेवलं, तर बाळाचं निभतं, पण किंमत बहीण मोजते.

गैरसमज ३ : घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, म्हणून पोरं बोलायला अडखळतात.

वस्तुस्थिती : कोलाम पोडावर कोलामी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, गोंडांच्या घरी गोंडी आणि शाळेत मराठी. दोन भाषांत वाढणारी मुलं पहिले शब्द साधारण त्याच वयात बोलतात. त्यांचे शब्द दोन्ही भाषा मिळून मोजावे लागतात. शाळेच्या पहिल्या काही महिन्यांत मूल गप्प राहतं, ते बहुधा ऐकून भाषा गोळा करत असतं. घरच्या भाषेतही ते मागे असेल, तर तपासणी करावी. घरची भाषा बंद करणं हा त्यावरचा इलाज नाही.

गैरसमज ४ : वयात आलं म्हणजे मोठं झालं.

वस्तुस्थिती : शरीर आधी वयात येतं. आवेग आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. सोळा वर्षांचं पोर शांतपणे विचारलं तर शहाण्यासारखं उत्तर देतं, आणि मित्र सोबत असले की तेच गाडीवर ट्रिपल सीट सुसाट जातं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाडी चालवण्याचा खेळ दिला होता. मित्र बघत असताना किशोरवयीनांनी धोके खूप जास्त पत्करले, प्रौढांवर फारसा परिणाम झाला नाही. मुलीचं लग्न अठराच्या आत लावायला कायद्याने बंदी आहे, आणि मानसशास्त्रही पाळी येणं आणि संसार पेलता येणं या दोन गोष्टी वेगळ्याच धरतं.

गैरसमज ५ : बाप असा गेला, आता पोरांचं वाटोळं ठरलेलं. लहान्याला तर काही कळतच नाही.

वस्तुस्थिती : शेतकरी आत्महत्यांचं दुःख या जिल्ह्याने फार जवळून पाहिलं आहे. २०१५ मध्ये राज्य सरकारने बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू केलं, ते याच कारणाने. अशा घरातल्या लहान मुलाला कळतं, पण मोठ्यांसारखं नाही. मेलेला माणूस परत येत नाही, हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजू लागतं. तोवर ‘बाबा गावाला गेले’ असं सांगितलं, तर मूल वाट पाहत राहतं. त्याचं दुःख रडण्यातून दिसेलच असं नाही. पोट दुखतं, अंथरूण ओलं होतं, शाळेत मारामारी होते. ‘बाबा वारले, ते परत येणार नाहीत, यात तुझी काही चूक नाही आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत,’ असं साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

पुढे काय होतं, याचा लांब पल्ल्याचा पुरावा हवाईतल्या कवाई बेटावरचा आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं अशी अनेक संकटं एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी एक तृतीयांश मुलं सक्षम, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्यात बहुधा एक गोष्ट समान होती : आजी, मामा, शिक्षक असं एखादं खात्रीचं माणूस. किशोरवयात भरकटलेल्यांपैकीही बरेचजण तिशीत सावरले.

गैरसमज ६ : साठी बुद्धी नाठी.

वस्तुस्थिती : बुद्धी एकसंध नसते. नवं कोडं झटपट सोडवण्याचा वेग तारुण्यातच मंदावू लागतो. मोबाइलवर पीकविम्याचा अर्ज भरताना आबा नातवाला हाक मारतात, त्यामागे हेही एक कारण. पण शब्दसंपदा आणि साठलेली जाण साठीतही टिकते, कित्येकदा वाढते. कापूस चिमटीत धरून, धागा ओढून लांबी सांगण्यात नातू आबांची बरोबरी करू शकत नाही. अमेरिकेत सिॲटल शहरी १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासातही बहुतेकांच्या बहुतेक क्षमता साठीपर्यंत टिकून राहिल्याचं दिसलं. शिकणंही थांबत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली, तेव्हा साठी उलटलेल्या बायका पाटी घेऊन अक्षरं गिरवायला बसल्या.

स्मृतिभ्रंश हा आजार आहे. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातल्या नव्वदहून अधिकांना तो नाही. विसरण्यामागे थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी किंवा कमी ऐकू येणं हेही असू शकतं, आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून ‘वय किती?’ हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असा : जे जमत होतं, ते आता जमेनासं झालं का? बोलू लागलेलं बाळ शब्द विसरू लागलं, हसतं-खेळतं पोर महिनाभर कुणाशी बोलेना, कर्ता माणूस जेवण-झोप सोडून कोपऱ्यात बसू लागला, आजीला रोजचा रस्ता सापडेना, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देऊ नये. आशाताईला सांगावं, यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखवावं. मनाच्या त्रासासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही हेल्पलाइन मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असते.