खोलीला कुलूप लावण्याचा हक्क कोणाचा?

पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातली मुले शिक्षणासाठी हिंगोली, परभणी, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर थेट पुणे गाठतात. वसतिगृहात नंबर लागला नाही की भाड्याची खोली शोधणे आले. ओळखीतून खोली मिळते, डिपॉझिट दिले जाते, स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का बसतो आणि दोन्ही बाजू निर्धास्त होतात. तिथेच पहिली चूक होते.

‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात टिकत नाही. 1908 चा नोंदणी कायदा वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची करतो, म्हणून देशभर अकराचा आकडा रूढ झाला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 55 नुसार भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे.

हा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याआधी मुंबईकडे 1947 चा कायदा, विदर्भात 1949 चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा चालत असे. आजही 1999 चा अधिनियम प्रत्येक वाडी-वस्तीला सरसकट लागू नाही; त्यासाठी क्षेत्रांच्या याद्या आहेत. त्यामुळे शहरातल्या खोलीचा नियम गावातल्या गाळ्याला लावण्यापूर्वी ते ठिकाण यादीत आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. यादीबाहेर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम चालतो. त्यात करारात वेगळे ठरले नसेल, तर महिन्याच्या भाडेदारीला पंधरा दिवसांची नोटीस पुरते.

नोटीस पुरते म्हणजे कुलूप लावता येते, असे मात्र नाही. ‘माझे घर, मी केव्हाही बाहेर काढीन’ हा सगळ्यांत घातक गैरसमज. भाडे थकले तरी भाडे नियंत्रण कायद्याखाली मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि नव्वद दिवस थांबूनच दावा लावता येतो. समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी वार्षिक पंधरा टक्के साध्या व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढेही भाडे भरत राहिला, तर त्या कारणावर घर सोडावे लागत नाही. कोणी परस्पर सामान बाहेर फेकलेच, तर 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली ताबा परत मागता येतो. त्यासाठी मुदत फक्त सहा महिन्यांची आहे. चर्चा-विनवण्यांत हीच मुदत निघून जाते.

पाणी-वीज तोडून माणूस हुसकावण्याचा मार्गही बंद आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली भाडेकरू न्यायालयाकडून पुरवठा पूर्ववत करून घेऊ शकतो. वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच वर्षी नीतू सिंग प्रकरणात न्यायालय म्हणाले, की भाडे न देणे हा भारतीय दंड संहितेखालचा गुन्हा नव्हे. वसुली होते, पण दिवाणी मार्गाने; ‘पोलिसांत देतो’ या धमकीने विद्यार्थ्यांनी घाबरून जाऊ नये.

भाडेकरूंच्या समजुतीही तपासायला हव्यात. बारा वर्षे राहिले की घर आपले होते, हे खरे नाही. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो; नुसती वर्षे मोजून मालकी मिळत नाही. दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, ही तरतूद केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली. तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही खोली अडवून धरली, तर मूळ रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. तिथेही ताबा सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करूनच मिळतो, कुलूप फोडून नाही.

पुरावा म्हणून भाडेपावतीला पर्याय नाही. पैसे घेतल्यावर ती देणे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 31 ने मालकाला बंधनकारक आहे. तारीख, कोणत्या महिन्याचे भाडे, रक्कम, खोलीचा पत्ता आणि सही, एवढे त्यावर हवेच. यूपीआयने पैसे पाठवताना ‘जूनचे भाडे’ असा शेरा टाकावा. वर्षभराने मोबाइलमधल्या नुसत्या आकड्यांवरून भाडे कोणते आणि उसनवारी कोणती, हे ठरवणे कठीण जाते.

वाद पेटलाच तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 15100 या क्रमांकावरही विचारता येते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तो निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून डिपॉझिटमधून रंगकामाचे किती कापणार, खोली कोणत्या तारखेला रिकामी होणार, हे आकड्यांत लिहिलेले पाहूनच सही करावी.