कोठार एक, कप्पे अनेक

बँकेतलं खातं, मुलांच्या परीक्षेचे गुण, शेताचा सातबारा, ही टिपणं पूर्वी दप्तरात बांधलेली असत. आज ती संगणकात असतात. मोठ्या कार्यालयांतून सर्व संगणकांसाठी मिळून बहुधा एकच मोठं कोठार असतं. त्याला स्टोरेज म्हणतात. त्याच्या कप्प्यांना व्हॉल्यूम म्हणतात आणि तिथं देवघेव करणाऱ्या संगणकांना होस्ट.

आता कोणत्या होस्टला कोणता कप्पा दिसावा?

तुम्ही म्हणाल, "सगळे एकाच कचेरीतले. सगळे कप्पे सगळ्यांना दिसले, तर बिघडलं कुठं?" बिघडतं ते असं. समजा, एका पतपेढीत खतावणी एक आणि कारकून दोन. दोघंही सकाळी ती एकदा चाळतात आणि कोरं पान कोणतं, ते मनाशी धरून ठेवतात. पहिला ४० व्या पानावर एका सभासदाची ठेव मांडतो. दुसऱ्याच्या लेखी ते पान अजून कोरंच! तो तिथंच दुसऱ्याचं कर्ज मांडतो. दानत कुणाचीच वाईट नाही. पण खतावणी मात्र गेली. साधे होस्ट असेच वागतात. मोकळी जागा कुठं, हे ते आपल्याच स्मृतीत ठेवतात. शेजाऱ्याला विचारीत नाहीत. १९९० च्या दशकातली विंडोज एनटी तर दिसेल त्या डिस्कवर आपली खूण उमटवू पाही!

म्हणून पहारा दोन ठिकाणी ठेवतात. पहिला वाटेवर. फायबर चॅनेलच्या जाळ्यात कुणी कुणाशी बोलावं, हे मधला स्विच ठरवतो. हे झोनिंग. दुसरा पहारा कोठाराच्या दारातच. होस्टच्या जोडणी-कार्डाला कारखान्यातूनच एक नाव मिळालेलं असतं. ते सहसा १६ अंकाक्षरांत लिहितात. कोणत्या नावाला कोणता कप्पा, याची यादी कोठाराजवळ असते. यादीत नाव नसलं, तर तिथं कप्पा आहे हेच त्या होस्टला कळत नाही. याला लन मास्किंग म्हणतात.

मग एक कप्पा दोघांना देताच येत नाही का? येतो की! पण तेव्हा दोघांत पाळी ठरवून देणारी क्लस्टर प्रणाली हवी. एका खतावणीवर दोन कारकून, पण लेखणी एकच, असं म्हणा ना.

यादी मात्र जागती हवी. कार्ड बदललं की बहुधा नावही बदलतं. मग नवं लिहावं, जुनं खोडावं. होस्ट मोडीत निघाला, तर त्याचंही नाव काढावं. आणि नाव खोटंही सांगता येतं, हे विसरू नये. म्हणून आयस्कझी पद्धतीत नावाबरोबर गुप्त परवलीही तपासण्याची सोय असते.

शिक्षक मंडळींनी वर्गात करून पाहावं. एक वही, दोन मुलं. दोघांनी एकदाच वही पाहायची, मग एकमेकांशी न बोलता आळीपाळीनं, आधीचं न वाचता, ठरल्या पानावर लिहायचं. पाच मिनिटांनी वही उघडा. पहारा कशासाठी, ते मुलंच सांगतील.