प्रतिभा आणि औषध

नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याजवळ घाटघर हे गाव आहे. तेथील एका भजनी गायकास उन्मादाचे झटके येतात, अशी कल्पना करावी. त्या दिवसांत तो रात्ररात्र झोपत नाही. नवनवी पदे रचतो, गावही तल्लीन होऊन ऐकते. पुढे तोच मनुष्य अंथरूण धरतो आणि जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागतो. त्यास औषध द्यावे काय? दुखणे हटले आणि पदेही आटली, तर त्यास उपकार म्हणावे की अपहार?

प्रतिभा व उन्माद यांचे नाते असल्याची समजूत फार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी नव्हे. परंतु तिच्या भरवशावर आजाऱ्यास आजारातच राहू देणे, यात रसिकतेपेक्षा स्वार्थ अधिक. भोगावयाचे एकाने आणि ऐकावयाचे इतरांनी!

या विकारावरील एक प्रमुख औषध म्हणजे लिथियम. त्याचा गुण ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कचे मोगेन्स स्काउ यांनी ते घेणाऱ्या २४ कलावंतांकडे चौकशी केली व १९७९ साली निष्कर्ष मांडले. १२ जणांचे काम वाढले होते, सहांचे पूर्ववत होते, सहांचे मात्र घटले होते. झटक्यात सुचते पुष्कळ, तडीस जाते थोडे, हे पहिल्या बारांवरून समजते. उरलेल्या सहांची तक्रार मात्र भ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही.

अशाच पेचातील एका ढोलवादकाची हकीकत ऑलिव्हर सॅक्स यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. त्याचा विकार निराळा, टूरेटचा; त्यात अंगास आपोआप आचके बसतात. औषधाने त्याची नोकरी व संसार स्थिरावला, पण वादनातील तडफ गेली. तेव्हा कामाच्या दिवशी औषध घ्यावयाचे आणि सुटीच्या दोन दिवशी ते सोडून वाजवावयाचे, असे त्याने स्वतःच ठरविले.

लिथियमच्या बाबतीत ही तडजोड चालत नाही. ते एकाएकी सोडल्यास विकार उलटतो, आत्मघाताचा धोकाही वाढतो. कमीत कमी पुरेशी मात्रा शोधणे, एवढाच मार्ग उरतो. त्यातही गुणकारी आणि विषारी मात्रेतील अंतर अल्प. उन्हात राबून घाम फार गेला, जुलाब लागले, तरी रक्तातील प्रमाण चढू शकते. म्हणून रक्ताची तपासणी वारंवार हवी. शहरातील कलावंतास ती जवळच होते. घाटघरच्या गायकास मात्र जुन्नर गाठावे लागते, प्रसंगी त्याही पुढे जावे लागते, आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मात्रा जुळविण्याची चैन त्यास कोठून परवडावी?

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रौढ व्यक्तीस आपल्यावर कोणते उपचार व्हावेत वा होऊ नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे; तातडीचे उपचार तेवढे त्यातून वगळले आहेत. हा लेख केव्हाही बदलता येतो, म्हणून तो मन शांत असलेल्या महिन्यांत, भजनी मंडळाच्या भिडेस न पडता लिहावा. रुग्णास उपचारांसाठी दूर जावे लागू नये, अशी तजवीज करण्याचे कर्तव्यही हाच कायदा सरकारवर टाकतो. घाटघरपुरते पाहता, आधीच्या कलमाचा अर्थ या दुसऱ्या कलमावर अवलंबून आहे.