आयरिस वडोदऱ्यात का अडतो

2 तास 45 मिनिटे. वडोदऱ्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांतला हा फरक. 21 जूनच्या सुमारास दिवस 13 तास 30 मिनिटांचा असतो, 22 डिसेंबरच्या सुमारास 10 तास 45 मिनिटांचा. श्रीनगरात हा फरक साडेचार तासांचा, लंडनमध्ये पावणेनऊ तासांचा.

गेल्या वर्षीच्या त्याच तारखेशी तुलना केली तर दिवसाची लांबी एक-दोन मिनिटांपलीकडे बदललेली दिसत नाही. म्हणून दाढीवाला आयरिस एखाद्या गावी यंदा पंधरा दिवस आधी उमलला, तर त्याचा हिशेब दिवसाच्या लांबीत नव्हे, तापमानात शोधावा लागतो.

या आयरिसचं आल्यासारखं आडवं खोड जमिनीलगत वाढतं. कळी धरण्यापूर्वी त्याला काही आठवडे थंडी लागते. श्रीनगरात जानेवारीचं सरासरी किमान तापमान शून्याखाली असतं आणि तिथे कबरींवर लावलेला आयरिस एप्रिल-मेमध्ये फुलतो. वडोदऱ्यात जानेवारीचं सरासरी किमान 13 अंशांच्या आसपास, कमाल 30 च्या जवळपास. पारा 10 अंशांखाली जातो तो मोजक्या रात्री. सयाजीरावांनी 1879 मध्ये उभारलेल्या कमाटी बागेत मोठ्या दिवसांची उणीव नाही. उणीव आहे ती थंड आठवड्यांची, आणि ती माळ्याच्या हातची नाही.

शेवंतीचं गणित याच्या उलट. ती लहान दिवसांवर कळ्या धरते. बऱ्याच जातींची मर्यादा 13 ते 14 तासांची आहे. मग वडोदऱ्यात साडेतेरा तासांच्या जूनमध्येही ती थांबते कशी? एक तर झाड पहाट-संध्याकाळचा अंधूक उजेडही मोजतं. तो धरला की जूनचा दिवस सव्वाचौदा तासांच्या पुढे जातो. दुसरं, रात्री उबदार असल्या तर कळी धरणं लांबतं. म्हणजे तिचा हंगाम दिवस ठरवतो आणि उशीर उष्मा करतो.

व्यापारी लागवडीत शेवंतीवर मध्यरात्री सुमारे चार तास दिवे लावून फुलं मागे ढकलतात. रस्त्यावरच्या दिव्याखाली ठेवलेली शेवंतीची कुंडी पानांनी भरते, पण कळ्या धरत नाही, त्याचं कारणही रात्रीचा उजेडच. आयरिसवर दिवे लावून थंडीची उणीव भरून निघत नाही.